मंत्रीमहोदया, तो पहिला प्रश्न बदला

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

घरात त्रास होतोय हे सांगायला एखादी बाई पोलीस ठाण्यात, समुपदेशन केंद्रात किंवा चार नातेवाइकांच्या बैठकीत गेली, की तिला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मारतो का?" ती नाही म्हणाली की मग दारू पितो का, बाहेर काही भानगड आहे का, एवढं विचारून होतं. त्यालाही उत्तर नाही आलं की निकाल लागतो. "मग कसला त्रास आहे गं तुला? भांड्याला भांडं लागतंच. नांदायला जा." ती जाते. दोन-चार वर्षांनी परत येते तेव्हा कधी कधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' झालेलं असतं. पुष्कळ जणी येतच नाहीत.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी समुपदेशक म्हणून काम करते. समोर बसलेल्या बहुतेक बायकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "तसे ते चांगले आहेत." त्या 'तसे'च्या पुढे काय असतं, ते आपल्याला कळावं म्हणून हे पत्र. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

एक परिचारिका आहे. खाजगी दवाखान्यात नोकरी, पगार दर महिन्याला खात्यावर जमा. एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही त्याचाच. रोज सकाळी फ्रीजवर शंभराची नोट ठेवलेली असते. भाजी, रिक्षा, मुलाची वही, सगळं त्यातच. रात्री जेवणं झाली की वहीत हिशेब लिहायचा आणि तो तपासणार. तो ओरडत नाही, हात तर कधीच उगारलेला नाही. वीस रुपये कमी पडले तर "कुठं गेले?" एवढंच विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतो, दिवा मालवल्यावरसुद्धा. एकदा ड्यूटी संपल्यावर मैत्रिणीबरोबर तिने वडापाव खाल्ला आणि वहीत 'कोथिंबीर, लिंबू' असं लिहिलं. माझ्यापुढे ती रडली ती पैशासाठी नाही. "मॅडम, माझ्याच कमाईचा वडापाव, आणि मी चोरासारखं खोटं लिहिलं," असं म्हणत रडली. दोन ठिकाणी तिला विचारून झालं होतं, मारतो का.

दुसरं घर शिकलेल्यांचं. नवरा गावात मान असलेला, शाळेच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बोलावतात असा. दिरांसमोर जमिनीच्या व्यवहारात ही मधे बोलली, एवढंच निमित्त. तीन आठवडे अबोला. एकाच घरात, एकाच ताटाळ्यातली भांडी वापरत, पण निरोप सात वर्षांच्या मुलीकरवी. "तुझ्या आईला सांग, पाणी दे." "तुझ्या आईला सांग, उद्या डबा नको." शेवटी हिने पाया पडून माफी मागितली. कशाबद्दल, ते तिला आजही नीट सांगता येत नाही. अबोला सुटला, पण दिरांसमोर ती पुन्हा कधी बोलली नाही, आणि जमिनीचा व्यवहार त्याला हवा तसा झाला. आता मुलगीही आईवर रुसली की तस्साच अबोला धरते.

आणखी किती सांगू? बचत गटाच्या मीटिंगमध्ये व्हिडिओ कॉल येतो आणि बाई मोबाइल हळूहळू खोलीभर फिरवते, इथे कोणी पुरुष नाही हे दाखवायला. बाकीच्या हसतात, "किती काळजी करतात बाई!" एकीचा नवरा ती माहेरी जायचं म्हणाली की पिकावर मारायच्या औषधाची बाटली ओट्यावर आणून ठेवतो, बोलत काहीच नाही. एकीला चारचौघांत "हिला काय कळतंय" हे इतकी वर्षं ऐकावं लागलं, की बँकेतली स्लिप भरायलाही तिचा हात थरथरतो. लग्नाआधी ती पतसंस्थेत कॅशियर होती.

यातलं काहीही कायद्याच्या बाहेरचं नाही, आणि म्हणूनच मी आपल्याला लिहिते आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाच्या बरोबरीने शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. या कायद्याखाली बायकांच्या मदतीला नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी भरायचा जो कौटुंबिक घटना अहवालाचा नमुना आहे, त्यात पगार हिरावून घेणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर जाऊ न देणं, ठरावीक माणसांना भेटू न देणं, चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणं यांचे रकाने छापलेले आहेत. माझ्या पाहण्यात आलेल्या अहवालांत शारीरिक हिंसेचा रकाना भरलेला असतो आणि खालचे बहुतेक कोरे. बायका सांगत नाहीत म्हणून नव्हे, त्यांना ते विचारलेलंच नसतं.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकींना नवऱ्याला तुरुंगात घालायचं नसतं. "एवढं थांबायला पाहिजे," असं त्या म्हणतात. हा कायदा नेमका त्यासाठी आहे. एफआयआर न करता दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम १८ खाली संरक्षणाचा आदेश मिळतो, कलम २० खाली पैशाचा, कलम १९ खाली राहत्या घराचा. पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत व्हावी असं कायदाच म्हणतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र कलम ३१ खाली गुन्हा. इतकी मधली, शहाणी वाट असताना आपण बायकांपुढे दोनच दारं उघडी ठेवली आहेत: एक पोलीस केस, नाहीतर गप्प नांदणं.

आता कोणी म्हणेल, नवरा-बायकोत कुरबुरी व्हायच्याच, मग नवऱ्याने बोलायचंसुद्धा नाही का? बोलावं की. भांडावंसुद्धा. माझ्याही घरात आवाज चढतात. पण भांडणात दोघंही बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांपैकी कोणीही आधी चहा टाकतं. मी सांगते आहे त्या घरांत एकच माणूस ठरवतो आणि दुसरं माणूस तोंड उघडण्याआधी मनात दहा वेळा अंदाज घेतं: आत्ता बोलू का, कसं बोलू, आवाज जास्त तर नाही ना होणार? फरक ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. प्रश्न मात्र बरोबर विचारावा लागतो.

आम्ही आमच्यापुरता तो बदलला. 'मारतो का' हा प्रश्न आता नंतर येतो, जिवाला धोका किती आहे ते ठरवण्यासाठी. आधी विचारतो, "लग्नानंतर तू काय काय करायचं सोडलंस?" बाई आधी गोंधळते. मग सुरू होते आणि थांबत नाही. मैत्रिणीला फोन करायचं सोडलं. हळदीकुंकवाला जायचं सोडलं. भावाला राखी पोस्टाने पाठवते. केस मोकळे सोडत नाही. भांडी घासताना गाणं म्हणायचे, त्यांना आवडत नाही. ड्रेस घालायचं सोडलं. हसताना तोंडावर हात धरते. मग पुढचा प्रश्न, "पुन्हा सुरू केलंस तर काय होईल?" या प्रश्नावर जी बाई दाराकडे बघते, तिची फाइल आम्ही उघडतो.

सरकारला असे प्रश्न विचारता येत नाहीत असं मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते वर्षानुवर्षं विचारले जातात. परपुरुषाशी बोललीस तर नवरा संतापतो का, व्यभिचाराचा आळ घेतो का, मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरचा संपर्क तोडायला बघतो का, सदासर्वकाळ कुठं आहेस ते सांगायला लावतो का, पैशाच्या बाबतीत विश्वास ठेवतो का. उत्तरं नोंदवली जातात. पण राज्याचं जे तथ्यपत्रक हातोहात फिरतं, त्यात 'पतीकडून हिंसा' या ओळीत फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा मोजलेली असते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर चार विवाहित स्त्रियांमागे साधारण एकीने अशी हिंसा सोसल्याचं दिसलं. फ्रीजवरची शंभराची नोट त्या आकड्यात नाही, पाया पडून सोडवलेला अबोलाही नाही. आणि शारीरिक-लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकीसुद्धा देशभरात जेमतेम १४ टक्क्यांनी कुठे मदत मागितली. अंगावर वळ असताना ही गत, तर वळ नसलेल्या बाईने आपणहोऊन यावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

यापुढचं लिहिताना मला वाईट वाटतं, कारण लाडकी बहीण योजनेने माझ्या तालुक्यात खरोखर फरक पडलेला मी पाहिला आहे. दीड हजार रुपये म्हणजे कोणाची औषधं, कोणाची भिशी, कोणाचं आयुष्यातलं पहिलं स्वतःचं खातं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, आली, तिच्यात बाईच्या आधारपाठोपाठ पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी मागितला गेला. उत्पन्न तपासायला कुटुंबाची माहिती लागते, मान्य. पण ज्या घरात सगळा झगडाच ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो यावर चालतो, त्या घरात सरकारने आणखी एक ओटीपी नवऱ्याच्या हातात दिला. "देतो, पण आधी कार्ड इकडे दे," असं ऐकून आलेल्या बायका माझ्यापुढे बसल्या आहेत. विधवा आणि घटस्फोटितांसाठी पुढे कागदपत्रांची सोय केली गेली, ते चांगलं झालं. पण मार नको, हिशेब नको म्हणून घर सोडून आईकडे राहणारी, कोर्टाचा कागद नसलेली बाई? ज्याच्यापासून पळाली त्याच्याच दारात तिला सहा आकडी नंबर मागायला जावं लागलं. त्या वेळी दोन कोटींहून अधिक बायका असलेली योजना चालवणाऱ्या विभागाला हे दिसायला हवं होतं. अशा बाईला संरक्षण अधिकाऱ्याच्या किंवा अंगणवाडी सेविकेच्या दाखल्यावर केवायसी पूर्ण करता आली पाहिजे, आणि पैसे जमा झाल्याचा संदेश तिच्या स्वतःच्या मोबाइलवर जातो की नाही, हे एकदा तपासलं गेलं पाहिजे. अंगणवाडी सेविकेला गावातल्या प्रत्येक घराचं कार्ड कोणाच्या खिशात आहे ते ठाऊक असतं. तिला फक्त कोणी विचारत नाही.

दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे पहिल्याच दिवशी नवऱ्याला बोलावून घ्यायची पद्धत. बाईने तोंड उघडलं की तासाभरात त्याला फोन जातो, दोघांना समोरासमोर बसवतात आणि म्हणतात, "सांग आता, काय त्रास आहे?" तो शेजारी बसलेला असताना ती काय सांगणार? तो मात्र शांत असतो, नीट बोलतो, "साहेब, मी काय कमी केलंय हिला?" असं विचारतो. बाहेरच्या माणसाला तोच खरा वाटतो. कागदावर 'समेट झाला' असं लिहितात आणि घरी पोचल्यावर काय होतं ते कोणी विचारत नाही. तिचं म्हणणं आधी तिच्या एकटीकडून, पुरेसा वेळ देऊन ऐकल्याशिवाय संयुक्त बैठक घ्यायची नाही, आणि तिची तयारी नसेल तर घ्यायचीच नाही, असा लेखी नियम हवा. हे अशक्य नाही. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून पोलीस ठाण्याच्या आवारात बसून बायकांचं शांतपणे ऐकण्याचा अनुभव याच राज्याकडे आहे. देशातलं पहिलं महिला धोरण १९९४ मध्ये याच राज्याने आणलं. अनुभव आहे, कायदा आहे. टेबलाच्या पलीकडच्या माणसाला मात्र शिकवायचं राहून गेलं.

मुलांच्या शाळांत, आयटीआयमध्ये, तालमीत या विषयावर बोलायला हवं, यावर एक स्वतंत्र पत्र लागेल. इथे एवढंच सांगते की आमच्याकडे येणारे काही नवरे खरंच चकित होतात. हिशेब मागणं म्हणजे घर नीट चालवणं, अशीच त्यांची समजूत असते, कारण त्यांनी वडिलांना तेच करताना पाहिलेलं असतं. त्यांतले काही बदलतातही. न्यायालयाचा किंवा अधिकाऱ्याचा कागद समोर आला की लवकर बदलतात, हाही अनुभव आहे.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्या मुली, हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच छताखाली मदत देणारी सखी केंद्रं, पोलिसांचा भरोसा सेल, संरक्षण अधिकारी आणि पोलीस ठाण्यातले महिला कक्ष या सगळ्यांसाठी एका पानाची प्रश्नावली तयार करा. सर्वेक्षणातले ते सहा प्रश्न त्यात घ्या. पगार आणि योजनेचे पैसे कोणाच्या हातात आहेत, मोबाइल कोण तपासतं, माहेरी शेवटचं कधी गेलीस, जीव देण्याची धमकी कोण कोणाला देतं आणि लग्नानंतर काय काय सोडलंस, हेही विचारा. उत्तरं घटना अहवालाच्या रकान्यात भरणं बंधनकारक करा. शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचे किती अहवाल आले, त्यांतले किती दंडाधिकाऱ्यांपर्यंत गेले, हे जिल्हावार दर तिमाहीला जाहीर करा. यासाठी नवा कायदा नको, नवं पद नको, फारसा पैसाही नको. एक परिपत्रक पुरेल. मसुदा हवा असेल तर माझ्यासारख्या तालुक्यातल्या समुपदेशक तो एका बैठकीत लिहून देतील. बैठकीला स्वखर्चाने येऊ, एसटीचं अर्धं तिकीट आहेच.

परिपत्रक निघेल त्या दिवशी त्याचा क्रमांक आणि दिनांक प्रत्येक तालुक्यातल्या केंद्राच्या फलकावर लावायला सांगावं, म्हणजे आमच्या बायकांना तो बोटाने दाखवून विचारता येईल.

आपली,
एक समुपदेशक
पश्चिम महाराष्ट्र