आवाज न ऐकताच खर्चाचा अंदाज कसा देता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. तरीही ते भरून अनेक कुटुंबे जुनी गाडी वापरतात, कारण नवी घेणे परवडत नाही. अशा गाडीत एक दिवस खडखड सुरू होते आणि मालकाची फरफट चालू होते. त्याबद्दल लिहितो आहे.

माझी पुतणी परिचारिका आहे. रात्रपाळीला तिला गाडीशिवाय गत्यंतर नाही. तिची गाडी २००९ सालची. पुढून डाव्या बाजूने आवाज येऊ लागला म्हणून तिने ती सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या मुलाने संगणकात गाडीचे वय पाहिले आणि पुढचे दोन्ही शॉकअप व त्यांचे माउंट बदलण्याचा खर्च काढून दिला. गाडी कोणी चालवून पाहिली नाही. आवाज कधी येतो, हेही विचारले नाही. भाग बदलले, पैसे गेले आणि गेटबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात तीच खडखड पुन्हा ऐकू आली.

मी एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढले. तिथे चालक लॉगशीटवर बिघाड लिहायचा. नुसते ‘आवाज येतो’ असे लिहिलेले आमचे जुने फोरमन चालवून घेत नसत. चढाला की उताराला, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, गाडी थंड असताना की तापल्यावर, हे चालकाला बोलावून विचारायचे. निम्मे निदान तिथेच होई.

पुतणीच्या गाडीत मी शेजारी बसलो आणि तिलाच चालवायला सांगितले. आधी डिकीतला जॅक, पाने, स्टेपनी सगळे बाहेर काढले, कारण खडखडीचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस केली, तेव्हा आवाज नव्हता. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा गंजून सुटला असता, तर तो एका ठरावीक रेसला उभ्या गाडीतही थरथरला असता. गुळगुळीत डांबरावरही गाडी शांत. खडखडताना ब्रेक पेडल हलके दाबायला सांगितले, आवाज थांबला नाही, म्हणजे ब्रेक पॅड ढिले असण्याचा संशय मागे पडला. मग खरी गोष्ट सापडली. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली की आवाज जवळजवळ येत नव्हता, पण फक्त डावे चाक खड्ड्यात गेले की खड् खड् व्हायचे. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जो आडवा दांडा असतो, त्या स्टॅबिलायझर बारला दोन्ही चाके एकदम वर गेली तर पीळ बसत नाही, एकच गेले तर बसतो. त्यामुळे हा बार चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या लिंक रॉडकडे बोट जात होते.

लिंक रॉड ढिला होताच. पण चाक जॅकवर उचलून टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म हलवून पाहिला, तर त्याला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंटही ढिला होऊन खेळत होता. त्याचे रबरी बूट फाटलेले, आत माती, ग्रीसचा पत्ता नाही. हा जॉइंट चालत्या गाडीत निखळला तर चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. ही मुलगी त्याच गाडीने रात्री महामार्गावरून येत होती! नवे शॉकअप बसवताना कारागिराचा हात त्या जॉइंटपासून वीतभर अंतरावर असणार. मला राग आहे तो याचा.

मी मुलांना दोष देत नाही. आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकल शिकून आलेली पोरे हुशार आहेत. पण त्यांच्या हातात गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर दिला जातो आणि वेळ दिला जात नाही. स्कॅनर सेन्सरचा बिघाड दाखवतो. सांध्यातला झिजलेला रबरी बुश किंवा सुटलेला बोल्ट त्याला कळत नाही. त्यासाठी मालकाला शेजारी बसवून खराब रस्त्यावर फेरी मारावी लागते आणि गाडीखाली जावे लागते. या वेळेचे वेगळे पैसे घ्यावेत, मी स्वतः आनंदाने देईन. निदानाचे शंभर-दोनशे रुपये मागायला संकोच वाटतो, म्हणून हजारोंचे भाग माथी मारायचे, हा व्यवहार दोघांच्याही तोट्याचा आहे.

म्हणून गॅरेज आणि सर्व्हिस सेंटर चालवणाऱ्यांना विनंती आहे. जॉब कार्डवर आवाज कुठून आणि कधी येतो, याची नोंद मालकाच्या शब्दांत घ्यावी. फेरी मारून आल्यावरच खर्च सांगावा. आणि काढलेला जुना भाग कुठे झिजला आहे, हे दाखवून तो मालकाच्या हातात द्यावा.

आपला,
एसटी कार्यशाळेतील एक निवृत्त कर्मचारी, सांगली