टब काढायचं ठरलंय

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाथरूममधला टब काढून तिथे बसून अंघोळ करता येईल असा शॉवर करायचं नक्की केलंय. मिस्त्रींना आगाऊ रक्कम दिली, सोसायटीत अर्जही दिला. बाबा, तुम्हाला आधी विचारलं असतं तर "अजून चालतंय की" म्हणत दिवाळी आली असती. टबाचा काठ 16-17 इंच उंच. एक पाय ओल्या टबात आणि दुसरा हवेत, ही वेळ तुमच्यावर रोज येते. नेरूळच्या काकांच्या पडण्यानंतर मला ते सहन होत नाही.

तुमच्या हौसेचा टब आहे, मला माहीत आहे. आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो आणि आई, तू सुरकुतलेली बोटं पुसत आम्हाला बाहेर ओढायचीस. पाणीकपातीला तो भरून ठेवायची सोय जाईल, म्हणून तळाला नळ असलेले 100 लिटरचे 2 पिंप मागवलेत.

"भिंती कशाला फोडता?" असं विचाराल. टाइल्सवर ठोकून पाहिलं तर बऱ्याच पोकळ वाजतात. काठाजवळचं सिलिकॉन सुटलंय, तिथून पाणी मागे जातं आणि काठाखाली तर नुसतं प्लास्टर आहे. खालच्या मावशींच्या छताचे पोपडे त्यामुळेच असावेत. जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवल्या तर ओल आत कोंडते आणि जुना पोकळ थर वजनाने सुटतो. म्हणून विटेपर्यंत खरवडायचं. भिंत उघडली की जुने लोखंडी पाइपही बदलायचे. ते आतून गंजून अरुंद होतात. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारे प्लास्टिकचे पाइप) टाकल्यावर, प्लास्टरच्या आधी, पंपाने पाण्याचा दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का, म्हणजे गळती आहे का, ते बघायचं.

खरं काम वॉटरप्रूफिंगचं. त्यात घाई करू देऊ नका. नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात आधीच कापडाचा बोळा हवा, नाहीतर सगळा राडारोडा त्यात जातो. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, मग पॉलिमर कोटिंगचे 2 हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. शॉवरच्या भिंतींना 6 फुटांपर्यंत, बाकी भिंतींना 1 फूट. कोटिंग सुकलं की ट्रॅप बंद करून 2 इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि 48 तास हात लावायचा नाही. थोडं पाणी वाफेने कमी होणारच. खालचं छत मात्र कोरडं राहिलं पाहिजे. ते बघितल्याशिवाय एकही टाइल लावू द्यायची नाही.

टाइल्स ॲडेसिव्हने (टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याने) लावायच्या, सिमेंटचे गोळे मारून नाही. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं. जमिनीला 1 फुटी, खरखरीत मॅट टाइल्स, उतार फुटाला 4 मिलिमीटर. याहून फार जास्त उतार दिला तर स्टूल तिरकं बसतं. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा भराव), त्यानंतर निदान 3 दिवस अंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये.

आई, तुझ्या बादलीचा नळ आहे तिथेच राहील. हँडशॉवर सरकत्या दांड्यावर, म्हणजे बसूनही हाताशी. भिंतीला घडीचा बाक, जमिनीपासून 18 इंचांवर. स्टीलचे आधारदांडे 34 इंचांवर, विटेत केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून घट्ट धरणाऱ्या बोल्टने) बसवलेले. टॉवेलच्या दांड्याला धरून उठायचं नाही, तो पडत्या माणसाचं वजन पेलत नाही. दार आता बाहेर उघडेल, कारण आत कुणी दाराशी पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी. गीझर 50 अंशांवर राहू दे, बाबांनी वाढवायचा नाही, आणि त्याच्या लाइनला 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) बसेलच.

फोडाफोड सुरू झाली की नौपाड्याला मावशीकडे जायचं. यावर वाद नको. टब ग्राइंडरने कापावा लागेल, ती धूळ बाबांच्या छातीला चालणार नाही. देवघर मी प्लास्टिकने नीट झाकून घेईन. तुळशीला पाणी घालायला रोज येईन. बीपीच्या गोळ्या आणि बाबांची उशी आठवणीने न्या.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला बाबांना त्याच बाकावर बसव आई. तेल सांडलं तर खरखरीत टाइलही निसरडी होते, आधी साबणाने धुऊन घे. उटण्याचा गाळ जाळीत अडकतो, ती दर आठवड्याला उचलून साफ करायची, पण वाकून तू नाही, कामवाल्या ताईंना सांग.

बाबा, पैशांचं काढू नका. रंग मात्र तुम्ही दोघांनी निवडायचा, फक्त जमिनीचा भिंतीपेक्षा गडद हवा, म्हणजे पाऊल कुठे पडतंय ते दिसेल. नमुने शनिवारी आणते. चष्मा घालून बघा.

तुमची,
मनू