माणूस कसा होता, हे कुणीतरी विचारलं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या आधी झड लागली होती. निंदण बंद, म्हणून घरचे सगळे रेडिओजवळ बसलो होतो. खेड्यातल्या लोकांशी गप्पांचा कार्यक्रम सुरू होता. मुलाखत घेणाऱ्या मुलीने एका बाईला विचारले, "तुमचे मालक पोळ्यात झडत्या म्हणत ना? एखादी आठवते?" बाई थोडा वेळ बोललीच नाही. मग तिने अख्खी झडती, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली बैलांपुढे म्हणतात ते लोककाव्य, म्हटली, शेवटच्या 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'सकट. नवऱ्याने जीव दिला त्याला सहा वर्षे झालीत. ती म्हणाली, "कर्ज किती, सातबारा कोनाच्या नावानं, हेच समद्यायनं इचारलं. मानूस कसा होता, हे आज कोनंतरी इचारलं."

आमच्याकडे शेतकरी असा गेला की पंचनामा होतो, सरकारी मदतीसाठी 'पात्र-अपात्र' ठरते आणि घरात त्याचे नाव निघेनासे होते. पोळ्याच्या तोरणाखाली ज्याचा आवाज सर्वांत चढा, तो कसा गेला एवढेच त्याच्या लेकरांना ठाऊक असते. त्या दिवशी ती बाई मोकळी झाली, कारण तिला तिच्या वऱ्हाडीत बोलू दिले.

माझ्या आईला असे बोलू दिले नव्हते. भुलाबाईची गाणी म्हणायला तिला एका रेडिओ केंद्रावर बोलावले होते. गाण्यांबद्दल सांगू लागली तर 'शुद्ध बोला' म्हणाले. ती गप्प झाली. गाणी तेवढी लागली. आता आई नाही, आणि कोणते गाणे तिला कोणी शिकवले, हे सांगणारेही कोणी नाही.

2006 पासून स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत कार्यक्रम करावेत, असे त्या धोरणातच लिहिले आहे. साधारण दहा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, म्हणजे आमच्या आठवडी बाजाराला येणारी बहुतेक गावे त्यात बसतात. आमच्या तालुक्यातील संस्थांनी त्यासाठी अर्ज करावा. जिथे अशा गप्पा होतात, तिथल्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या गावच्या वाचनालयात ठेवावी.

आपल्यालाही एक विनंती. जिल्ह्याच्या पानावर या कार्यक्रमांच्या वेळा छापाव्यात. आम्ही तो ऐकला, तो झड होती म्हणून.

आपला,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ