बरणीतल्या २५ डॉलरच्या चिपबद्दल, पेडलसाहेब

आदरणीय चक पेडलसाहेब,

डिसेंबर २०१९ मध्ये तुम्ही गेलात. तरी तुमची ६५०२ ही चिप, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेला मायक्रोप्रोसेसर, बसवलेला एखादा बंद पडलेला बोर्ड पुन्हा चालू लागला की तुमचंच नाव ओठांवर येतं. म्हणून हे जाहीर पत्र.

त्या काळी अशीच इंटेलची ८०८० ही चिप एक नग घ्यायची तर ३६० डॉलर पडत, मोटोरोलाच्या ६८०० या चिपला १७५ डॉलर. गिऱ्हाइकांना स्वस्त चिप हवी आहे, हे तुम्ही मोटोरोलात नोकरीला असताना सांगून पाहिलंत. वरिष्ठांनी काम थांबवायचं पत्र दिलं. कारखाना, पैसा, माणसं सगळं असून त्यांना ही गरज दिसली नाही, याचा राग अजून येतो. मग तुम्ही एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत गेलात आणि तिथे ६५०२ घडवलीत. तुमची चिप बाजारात आली तेव्हा मात्र तीच ६८०० पटकन ६९ डॉलरवर उतरली!

मास्कमधले, म्हणजे चिपचा नकाशा छापायच्या साच्यातले, दोष दुरुस्त करायची युक्ती एमओएस टेक्नॉलॉजीकडे होती, म्हणून दर वेफरमागे (सिलिकॉनच्या चकतीमागे) चांगल्या चिप जास्त निघत आणि २५ डॉलर परवडत. पण मनात घर करून आहे ती काचेची बरणी. सप्टेंबर १९७५, सॅन फ्रान्सिस्कोचं वेस्कॉन हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन. हॉलमध्ये विक्रीला मनाई, म्हणून तुम्ही हॉटेलच्या खोलीत चिपांनी भरलेली बरणी मांडलीत. कंपनीचं लेटरहेड नको, हजार नगांची ऑर्डर नको. येईल त्याला एक चिप, हवी तर सोबत पुस्तिका. स्टीव्ह वॉझ्नियॅकनेही तिथेच घेतली, आणि तिच्यावर अ‍ॅपल-१ हा संगणक उभा राहिला. एकट्यादुकट्या माणसाला गिऱ्हाईक मानणं, एवढंच तुम्ही केलंत. तेवढंही तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं.

चिपही तशीच, गरिबाला सांभाळून घेणारी. ८०८०ला तीन व्होल्टेज लागत, हिला फक्त ५. पिन ३७ला १ मेगाहर्ट्झचं क्लॉक, म्हणजे कामाचा ठेका देणारा सिग्नल, दिलं की त्याचे आत लागणारे दोन टप्पे ती स्वतः बनवते. तपासणीही घरच्या घरी होते: चिप बोर्डावरून काढून डेटाच्या ७, ६, ५, ३, १ या लाइनी एक किलोओहमने ५ व्होल्टला, ४, २, ० ग्राउंडला (शून्य व्होल्टला) बांधायच्या; म्हणजे तिला सतत 'काही करू नको' हाच हुकूम दिसतो. आरडीवाय, आयआरक्यू, एनएमआय आणि एसओ या पिना ५ व्होल्टकडे ओढून ठेवायच्या; मोकळ्या राहिल्या तर चिप भरकटते. रिसेटची पिन क्षणभर शून्य व्होल्टवर घेऊन सोडायची. एलईडी थेट लावू नये, चिपची पिन जेमतेम एका टीटीएल गेटचा, म्हणजे एका साध्या लॉजिक चिपच्या इनपुटचा, भार पेलते. मध्ये बफर, म्हणजे जास्त भार पेलणारी चिप, हवी. पिन २५वरचा, म्हणजे पत्त्याच्या सर्वांत वरच्या लाइनीवरचा, दिवा सेकंदाला साधारण साडेसात वेळा लुकलुकला की ती जिवंत आहे.

१९८४पासून क्लास या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पात आमच्या देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. त्यांच्या पोटातही हीच ६५०२ होती. कित्येक मुलांचा पहिला प्रोग्रॅम तिच्यावर चालला, साहेब. त्या सगळ्यांच्या वतीनेही मनापासून आभार.

आपले ऋणी,
जुनी यंत्रं दुरुस्त करणारे