आखाजीला न आलेल्या लेकीस

चाळीसगाव,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

चि. सौ. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आधी ठेवला. तू "आप्पा, ऐका तरी" म्हणालीस ते ऐकू आलं होतं. आईने त्यावरून रात्री मला पुरेसं सुनावलं आहे, तू आणखी सुनावू नको.

राग आखाजीचा नव्हता. घागर भरली, नैवेद्य झाला, आईने खापरावर मांडे केले. सांजोऱ्या तुझ्या नावाने वेगळ्या डब्यात काढल्या आहेत. गल्लीत दुपारी पत्त्यांचा डाव बसला, मी दोन डाव हरून उठून आलो. लेक आखाजीला आली नाही म्हणून बाप रुसत नसतो, निदान सरकारी नोकरी केलेला बाप तरी नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा होता आणि ती फोनवर बोलता येईना.

गेल्या श्रावणात तू एक फोटो स्टेटसला ठेवला होतास. फरशी पुलावर तुमची जीप, पाणी निम्म्या चाकाला, तू दारात उभी राहून हसतेस. खाली कुणीतरी टाळ्या टाकल्या होत्या. तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलून बाजूला ठेवतं, माई. असो. या पत्रात फरशीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. तुझ्या आपत्ती व्यवस्थापनाच्या परिषदेबद्दल लिहितो.

तू पाठवलेली कार्यक्रमपत्रिका कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणली आणि दोनदा वाचली. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा परिषदा, नगरपालिका, महापालिका एका सभागृहात दोन दिवस बसवायच्या, आणि ते काम माझ्या लेकीच्या नावावर. सकाळी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. त्याला आपत्ती व्यवस्थापन काही उमगलं नाही, पण जेवण कुणाकडे दिलंय ते विचारलं. प्रश्न वाईट नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे पारा 44-45ला असतो. पंखे चालतात का ते आदल्या दिवशी स्वतः बटण दाबून बघ. उष्माघातावरच्या सत्रात कुणी चक्कर येऊन पडलं तर तीच बातमी होईल.

आता लाल पेनाने जे केलं ते सांगतो. तू म्हणालीस म्हणून.

पहिल्या सत्रात नऊ वक्ते. दीपप्रज्वलन आणि सत्कार धरून प्रत्येकाला बारा मिनिटं. नऊही जण 2005च्या कायद्यापासून सुरुवात करणार, बघ तू. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आणि कलम 41 प्रमाणे ग्रामपंचायत-नगरपालिकांनी आपली माणसं प्रशिक्षित आणि साहित्य सज्ज ठेवायचं. हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्या पंचायतीचा दोर कुठल्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली रात्री कुणाकडे असते, हे विचार. बघ किती हात वर येतात.

आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात: "कोतवाल, पोलीस पाटील, ग्रामपंचायत कर्मचारी: निमंत्रित श्रोते." श्रोते! तिथे माझं पेन कागदातून आरपार गेलं.

रागावू नको. ते तू लिहिलेलं नसेल, वरून आलं असेल. मीही छत्तीस वर्षं वरून आलेलंच लिहिलं.

पाणी जिल्ह्याची हद्द पाहत नाही हे तुला मी काय सांगणार, पण यादी बघून वाटलं की सांगावं. पाऊस बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात, विदर्भात पडतो आणि तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. एकेचाळीस दरवाजे आहेत. रावेर-यावलला त्या दिवशी ऊन असू शकतं, माणसं निवांत केळीच्या बागेत असतात, मोटार काढायला नदीत उतरलेली असतात. तेच पाणी पुढे चोपडा, शिरपूर, शिंदखेडा, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशाचे बॅरेज करत गुजरातेतल्या उकाई धरणात जातं. 2006च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडालं ते याच तापीने. तुझ्या यादीत ना बऱ्हाणपूरचं कुणी आहे, ना उकाईचं. खुर्च्या कमी पडत असतील तर पहिल्या रांगेतले सोफे काढ, दोन सोफ्यांत सहा माणसं बसतात.

रेल्वेचं आणि एसटीचंही कुणी दिसलं नाही. 18 जुलै 2022ला इंदूरहून अमळनेरला येणारी बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत गेली. अपघात मध्य प्रदेशात आणि रडारड अमळनेरला. अशा वेळी घरच्यांनी कोणत्या नियंत्रण कक्षाला फोन करायचा, इकडच्या की तिकडच्या? आणि 22 जानेवारी 2025ला पाचोऱ्याजवळ आग लागल्याच्या अफवेने माणसं पुष्पक एक्सप्रेसमधून रुळांवर उतरली आणि शेजारून कर्नाटक एक्सप्रेस आली. तिथे तर पूर नव्हता, वादळ नव्हतं. नुसता एक चुकीचा निरोप होता आणि दुसरा निरोप वेळेवर पोचला नाही.

मला सगळी आपत्ती ही निरोपाचीच वाटते. तलाठ्याची दृष्टी म्हण हवं तर. (आता आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लांबलं, दप्तर तेवढंच.)

निरोप येतो क्युसेकमध्ये. "अमुक हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, साधारण दोन हंडे. वीस हजार क्युसेक म्हणजे चाळीस हजार हंडे. याचा मेंढरं घेऊन बसलेल्या माणसाने काय अर्थ लावायचा? आमच्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, बाया म्हणायच्या, पाणी मारुतीच्या ओट्याला लागलं की शाळेत जायचं, घंटेपर्यंत आलं की टेकडीवर. त्यांचं मोजमाप चोख होतं. तुमच्या परिषदेत पाटबंधाऱ्याचे अभियंते आणि गावची माणसं यांना एका टेबलाशी बसवून एवढं एकच काम करून घे: इतके क्युसेक म्हणजे आपल्या गावात कोणती पायरी. प्रत्येक गावाचा एक कागद. दोन दिवसांत वीस गावांचे झाले तरी परिषद वसूल.

दुसरं, भाषणाऐवजी रंगीत तालीम ठेव. रात्रीचे दोन, कन्नड घाटात ढगफुटी, एक फोन वाजला असं समजा, आता पुढे कोण कुणाला उठवतो ते इथेच करून दाखवा. खरे फोन लावायला लाव. किती बंद लागतात ते फळ्यावर लिही. फोन घेणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवला का, तेही बघ.

हसशील, पण 2021च्या पुराचं तुला पुरतं सांगितलेलं नाही. 30 ऑगस्टच्या रात्री डोंगरात जो कोसळला तो कोसळला, 31ला पहाटे तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या गावात शिरल्या, घाटात दरडी आल्या, रस्ता बंद. तेव्हा तू बाळंतपणाची होतीस म्हणून आम्ही "सगळं ठीक आहे" एवढंच कळवलं होतं. त्या रात्री साडेतीनला मला एक फोन आला. "तलाठी आप्पा बोलताय ना? तुमच्या सजातली परिस्थिती कळवा." म्हटलं, बाई, मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. पलीकडे एकदम शांत. मग ती पोरगी म्हणाली, "पण यादीत तुमचंच नाव आहे." तिचा काय दोष. तिचा आवाज थरथरत होता, तुझ्याच वयाची असेल. मी आठवतील ते चार नंबर दिले, दोन लागले. सकाळी नदीकाठाने गेलो तर काटेरी कुंपणाला गोठ्यातली दावी अडकलेली दिसत होती. खुंट्याला बांधलेली गुरं होती ती. कुणीतरी तासभर आधी नुसतं "सोडा" म्हणायला हवं होतं.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यालाच आहे, त्यांना तू बोलावलं आहेस, ते उत्तम केलंस. ती माणसं जीव लावून काम करतात. पण रस्ता उघडा असला तरी धुळ्याहून इथे यायला तास-सव्वा तास. तोपर्यंत गाव एकटं असतं. आणि तुझ्यासारखी एखादी उत्साही पोरगी जीप घेऊन फरशीवर...

बघ, आलंच.

मग आता सांगूनच टाकतो. आमच्या सजाचे कोतवाल जिभाऊ, त्यांचा पाय. तू लहानपणी विचारायचीस, जिभाऊ लंगडतात का, आणि आम्ही सांगायचो की लाकडं फोडताना झालं. तू तिसरीत असशील. भाद्रपदातली रात्र होती. सजात फोन एकच, सरपंचांच्या घरी. जेवणाच्या वेळी निरोप आला की वरच्या धरणातून पाणी सोडतायत. अलीकडच्या गावात दवंडी झाली. नदीपलीकडे वस्ती होती, पंधरा-वीस झोपड्या. मी जिभाऊंना म्हटलं, जाऊन सांगून या. ते म्हणाले, "भाऊसाहेब, फरशीवर पानी शे. गुडघाभर शे." मी म्हटलं, गुडघाभरच ना? जा.

एवढंच बोललो. हातात घास होता माझ्या.

मध्यावर गेले आणि कंदील दिसेनासा झाला. सकाळी अर्ध्या मैलावर बाभळीत सापडले, मांडीत काटे आणि गुडघ्याची वाटी फुटलेली. रात्रभर त्या झाडावरून ओरडत होते, "उठा रे, पूर उना!" वस्ती आधीच टेकडीवर गेली होती. तिथल्या एका म्हातारीला पाण्याच्या वासावरून कळलं होतं म्हणे. म्हणजे मी पाठवलं नसतं तरी चाललं असतं. अहवालात मी लिहिलं, "निरोप पोचविण्यात आला." चौकशी झाली नाही. जिभाऊंनी कधी शब्द काढला नाही, उलट दुसऱ्या वर्षी तुला खांद्यावर घेऊन तोच लंगडा पाय ओढत शाळेत सोडायचे. मी ओट्यावरून बघायचो आणि आत जायचो.

तुझ्या फोटोत पाणी निम्म्या चाकाला आहे. तेही गुडघाभरच.

तुला कुणी "जा" म्हणालं असेल किंवा तू स्वतःच गेली असशील, ते मला ठाऊक नाही. पण तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत, आणि तुझ्या "जा"वर ती जातील. साहेबांपुढे "फरशीवर पाणी आहे, माणूस पाठवणार नाही, पलीकडून सांगायची सोय करा" असं म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी पलीकडे आधीच कुणाकडे तरी भोंगा, फोन, काहीतरी असावं लागतं. ते मेमध्ये करायचं काम आहे, भाद्रपदात नाही. मला तेव्हा सुचलं नाही. मी चांगला तलाठी होतो असं सगळे म्हणतात. फेरफार वेळेवर करायचो.

फार लांबलं. उपदेश नको म्हणून पत्र लिहायला घेतलं आणि तुला सभागृहातल्या खुर्च्या मांडण्यापर्यंत शिकवून झालं. बारा वर्षं तू हे काम करतेस, माझ्याहून जास्त शिकलीस, मनी आंडेर, माझी लेक, साहेब झाली म्हणून गावभर सांगतो आणि घरात बसून तुझ्या कागदावर लाल रेघा ओढतो. माफ कर. जे पटेल ते घे, बाकी कागद छोटूला विमानं करायला दे.

काल संध्याकाळी जिभाऊ आले होते सांजोऱ्या खायला. त्यांना तुझ्या परिषदेचं सांगितलं. म्हणाले, "मी इसू का? बोलता येत नाही मला, पण बसून राहीन." श्रोते म्हणून का होईना, त्यांचं नाव टाक. जमलं तर पाच मिनिटं बोलायला दे. माईक उभा नको, बसून बोलतील. आणि मी जे वर लिहिलं आहे ते त्यांनी तिथे सांगितलं तर सांगू दे, माझं नाव गाळायची गरज नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. छोटूला पापा.

तुझे,
आप्पा

ता. क. जिभाऊंना पहिल्याच दिवशी बोलव, दुसऱ्या दिवशी त्यांची डोळ्यांची तारीख आहे. आईने विचारलं, फरशीचं लिहिलं का. म्हटलं, चारदा लिहिलं. पाचव्यांदा लिहा म्हणाली. सांजोऱ्यांचा डबा उद्या सकाळच्या धुळे गाडीने पाठवतो, स्टँडवर कुणाला तरी पाठव. डबा परत हवा आहे, तो बाईंच्या वेळचा आहे.