मामा, मेंढरांच्या मागून चालायला शिकवलंत

मामा, रामराम.

दसरा झाला नि तुमचा मेंढरांचा वाडा हलला. त्या दिवशी मी पुण्याला होते, आले तर माळ रिकामा. आता घाट उतरून कोकणात असाल. फोन लागत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. वाड्यातल्या एखाद्या पोराच्या मोबाइलवर आलं तर तो वाचून दाखवेल.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा मी सासवडजवळच्या आपल्या माळावर यायला लागले. गळ्यात नवी दुर्बीण, पण भराभर चालायचे आणि पाखरू दिसायच्या आत उडालेलं असायचं. तुम्ही दोन-तीन दिवस बघितलंत आणि म्हणालात, "ताई, पुढं पळू नगा. मेंढरांच्या मागनं चला."

तेवढ्या एका वाक्यानं माझा माळ बदलला. मेंढरं गवतात शिरली की नाकतोडे उडायचे, आणि ते टिपायला कोतवाल पक्षी थेट मेंढराच्या पाठीवर बसून यायचा. पायांत गायबगळे. सप्टेंबर सरता सरता पिवळे धोबी आले, शेपटी वरखाली करत अगदी खुरांजवळ. मग भोरड्यांचा थवा. माझ्या माहेरी भोरड्या म्हटलं की ज्वारी राखायला गोफण निघायची. त्याच भोरड्या नाकतोड्यांचा फडशा पाडताना मी पहिल्यांदा इथं पाहिल्या.

बोरीच्या काट्यावरचा तो नाकतोडा आठवतो? काटा आरपार, एक पाय अजून हलत होता. मला वाटलं, पोरांचा खेळ. तुम्ही ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवलंत. थोड्या वेळानं खाटीक पक्षी आला. डोळ्यावर काळी पट्टी, आकडीसारखी चोच. त्यानं नाकतोड्याचं डोकं ओढून तोडलं आणि पंख खाली टाकून दिले. एक पंख माझ्या चपलेवर पडला. तो मी वहीत ठेवलाय.

आणि रुईच्या पानामागची ती काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी! "मेंढरू रुईला तोंड लावत न्हाई, ही तीच खाती. मग हिला कोन खाईल?" फुलपाखराचं नाव, बिबळ्या कडवा, मी नंतर पुस्तकात शोधलं. छोटा चांदवा फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसून स्वतःचा जीव वाचवते, हेही तिथंच कळलं. पण 'कडवा' का, ते तुम्ही आधीच सांगितलं होतंत.

तुमच्या कुत्र्यांना माझा वास ओळखीचा करून दिलात, ते तर विसरणंच शक्य नाही. त्यावाचून मी एकटी बाई त्या माळावर सकाळी सहाला आलेच नसते.

5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह होता. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली या दोघांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना येतात. मी शाळेची बारा पोरं माळावर नेली. तुमची मेंढरं नव्हती, म्हणून शेजाऱ्यांच्या गाईंच्या मागनं चाललो. पोरांना तीन धोबी, दोन खाटीक दिसले. एका मुलीनं रुईचं पान स्वतःहून उलटून पाहिलं.

पावसाच्या तोंडावर तुम्ही परत याल तेव्हा धोबी आणि भोरड्या गेलेल्या असतील. कोण कधी गेलं ते वहीत लिहून ठेवते, आलात की वाचून दाखवेन. मामींना नमस्कार.

तुमची,
दुर्बीणवाली ताई