खळ्यातली सदाफुली

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई बोलता बोलता म्हणाली, 'बाबा रोज सकाळी सदाफुलीच्या पाल्याचा काढा देतात, कडूजहर लागतो.' तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बाबा, मी तुमच्यावर आवाज चढवला, चुकलंच माझं. पहाटे उठून पाला धुता, उकळता, गाळून देता, ते कशापोटी हे मला कळतं.

त्या पाल्यात काही नाही असं मी म्हणत नाही. आहे, म्हणूनच घाबरले. आईला कॅन्सरसाठी सलाइनमधून देतात ते व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीच्याच पानांत सापडलेलं. १९५०च्या दशकात जमैकाहून कॅनडात ही पानं गेली ती मधुमेहासाठी. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या. त्यावरून रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या संशोधकांनी व्हिन्ब्लास्टीन हे कॅन्सरवरचं औषध वेगळं केलं, मागोमाग व्हिन्क्रिस्टीन आलं. एका पेशीच्या दोन होताना आत जे बारीक धागे विणले जातात, ते हे औषध विणूच देत नाही. पण तसेच धागे मज्जातंतूंनाही लागतात. आई, तुझ्या बोटांना मुंग्या येतात, वळेसर गुंफताना अबोलीचा देठ निसटतो, तो यामुळेच असणार. म्हणून तर एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. मूठभर पाल्यातून काढ्यात काय नि किती उतरलं, ते कोण मोजणार?

शेजारच्या काकूंनी दिलेली लक्ष्मणफळाची पानंही नकोत. प्रयोगशाळेतल्या बशीत त्यांच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात, खरं आहे. पण त्यातलं अ‍ॅनोनासिन मेंदूच्या पेशींनाही मारतं.

निर्गुंडी मात्र राहू दे. बाबा, गुडघ्याला पाला गरम करून बांधता तो बांधाच. त्या पानांच्या अर्काने उंदरांच्या पायाची सूज उतरल्याचे प्रयोग झालेत. फक्त पोटात घेऊ नका.

आई, काढा किती दिवस घेतलास, किती कप, सगळं कागदावर लिहून ठेव आणि डॉक्टरांना आजच फोन करून सांग. लाजू नकोस. ताप आला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, माझी वाट बघू नका.

शनिवारी तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीला उतरते. अबोली काढून ठेव, वळेसर मी करीन.

तुमची,
ताई